राखणदाराचा गंडा

“ह्यास्नी इचार, ह्यो फुटणार न्हाई कशावरनं?”

आक्का शेडच्या दाराबाहेर उभी होती. हातात चहाच्या दोन कपबशा. ज्याला विचारायचं तो तिचा नवरा आत चार पावलांवर लेथपाशी वाकलेला. पण विचारायचं माझ्यामार्फत.

“दाजी, आक्का इचारतीया...”

“ऐकलं.” दाजींनी मान वर केली नाही. “तिला म्हणावं, आत येऊन बघ.”

“म्या न्हाई येत.”

“मग च्या कसा यायचा आत?”

“येशा, तू घे रं.” आक्कानं हात लांबवले. पावलं मात्र उंबऱ्याबाहेरच.

तिच्या हातात बशा वाजत होत्या. मी घेतल्या तरी वाजायच्या थांबल्या नाहीत. दाजींनी ते ऐकलं आणि हसले. “भाऊ-भन एकाच साच्यातनं काढल्यात.”

त्या दिवशी दाजींनी पहिल्यांदा बॉयलर इंजिनाशेजारी उभा केला होता. तांब्याचा, हातभर उंचीचा, पाणी तापवायच्या बंबासारखा गोल. शेजारी इंजिन. पाटावर मावेल एवढं, पण सगळं खरं. सिलिंडर, दट्ट्या, दांडा, जड चाक. इतके दिवस आक्का त्याला ‘तुमचं खेळणं’ म्हणायची. बॉयलर उभा राहिला आणि तिनं तो शब्द सोडून दिला.

माझे दाजी, दिनकर लोहार, कोल्हापुरात एका कारखान्यात टर्नर होते. लग्नाआधी ते नदीवर पाणी उपसायच्या एका वाफेच्या इंजिनावर तेल घालायच्या कामाला होते. पुढं वीज आली आणि ते इंजिन घणानं फोडून भंगारात गेलं. ते फोडताना दाजी तिथं उभे होते. “माणूस मेलं की चार दिस तरी बोलतो आपन त्येच्याबद्दल,” ते मला म्हणाले होते. “त्येच्याबद्दल कुणी बोललं न्हाई. मला त्येचा आवाज एकदा ऐकायचाय, येशा.” म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडात, जुनी लेथ घेऊन, सुट्टीच्या दिवशी बसून ते तेच इंजिन लहान करून घडवत होते. किती वर्षं ते मोजलं नाही. आक्काची थोरली मुलगी सासरी गेली तेव्हा चाक झालं होतं आणि तिला पोर झालं तेव्हा सिलिंडर.

चाक आणि सिलिंडर मी ओतले होते. मी फाउंड्रीत मोल्डर होतो. वाळूचा साचा बांधायचा, बोटांनी दाबून बघायचा, त्यात रस ओतायचा. लोखंडाच्या रसाची मला कधी भीती वाटली नाही. तो समोर दिसतो. लाल असतो, अंगावर येतोय ते कळतं. वाफ दिसत नाही. बंद भांड्यात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. बॉयलर आला तसा मी शेडात भिंतीला पाठ लावून उभा राहायला लागलो.

आमच्या बापाला बॉयलरनं नेलं होतं.

गावाबाहेर तेलाची गिरणी होती. आण्णा तिथं भट्टीवर होते. आक्का नऊ-दहा वर्षांची, रोज दुपारी भाकरी घेऊन जायची. आण्णा बाहेर येऊन लिंबाखाली बसून जेवायचे. त्या दिवशी वाटेत माकडवाला आला होता. आक्का खेळ बघत उभी राहिली. उशीर झाला म्हणून आण्णा वाट बघून परत आत गेले. ती गिरणीच्या दारात पोचली आणि “आण्णा, भाकरी” अशी हाक मारली. आतून “आलो गं” एवढं ऐकू आलं. मग गिरणीचं छप्परच उडालं.

मी तेव्हा आईच्या कडेवरचा. मला आठवतो तो फक्त आवाज, आणि नंतर कितीतरी दिवस घरातल्या कपड्यांना येणारा गरम तेलाचा वास. तो माझ्या ध्यानात खरोखर राहिला की आक्कानं सांगून सांगून राहिला, कोण जाणे. आक्का त्यानंतर कुठल्याही यंत्राच्या दाराच्या आत गेली नाही. पिठाच्या गिरणीतसुद्धा डबा उंबऱ्यावर ठेवून बाहेर उभी राहायची. आणि माकडवाला गल्लीत आला की दार लावून घ्यायची.

तिला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्या तेलगिरणीवर काम केलेला एक म्हातारा पुढं आमच्या फाउंड्रीत होता. त्यानं मला सांगितलं. बॉयलरवर एक दांडी असते. आत जोर वाढला की ती आपोआप उचलते आणि वाफ बाहेर सोडते. त्या गिरणीची दांडी सारखी उचलायची, वाफ वाया जायची, घाणे थांबायचे. म्हणून मुकादमानं ती तारेनं बांधून टाकली होती. मी हे दाजींना सांगितलं. आक्काला सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. जुनी खपली कशाला काढायची?

तर त्या दिवशी दाजी चहा पीत दारापाशी आले आणि आक्कासमोर उभे राहिले.

“अगं, थंड पान्यानं दुप्पट दाबून बघितलाय मी. थेंब गळला न्हाई.”

“त्ये मला कळत न्हाई.”

“बरं, ह्ये बघ. हितनंच बघ.” त्यांनी बॉयलरच्या डोक्याकडे बोट केलं. तिथं पितळेची बोटभर दांडी होती आणि तिच्या टोकाला सुपारीएवढं वजन. “दिसलं? ह्यो राखणदार. आपल्या शेताला नसतोय का म्हसोबा बांधावर? तसा ह्यो बॉयलरचा. ह्यो जागा हाय तवर कुणाला काय होत न्हाई.”

“त्यो काय करतोय?”

दाजी माझ्याकडे बघून थांबले. दांडी उचलते हे सांगायचं, तर तिकडची दांडी का उचलली नाही हे ती विचारणार. ते म्हणाले, “राखन करतोय. आनि काय?”

आक्कानं बाहेरूनच ती दांडी निरखून बघितली. “लई बारका हाय,” ती म्हणाली. “एवढ्याच्यानं व्हईल?”

“व्हतंय.”

तिनं पदर डोक्यावर नीट केला आणि लांबूनच त्या दांडीला हात जोडले.

दाजींनी ठरवलं, इंजिन दसऱ्याला चालवायचं. गल्लीला बोलवायचं. आक्का म्हणाली, गल्लीला कशाला? दाजी म्हणाले, “मी काय चोरी केलीय व्हय, गुपचूप चालवायला?”

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पुसून पूजेला मांडतात. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी दाजींनी सगळं तपासलं. मी होतो बरोबर. त्यांनी राखणदाराची दांडी बोटानं उचलली, सोडली. टक् असा आवाज आला. परत उचलली, सोडली. टक्. “बघ, कसा खणखणीत बोलतोय,” ते म्हणाले. तो ‘टक्’ ऐकून मला जरा बरं वाटलं.

खंडेनवमीला मी फाउंड्रीतली पूजा करून संध्याकाळी आलो. शेडात लेथला हार, पान्यांना कुंकू, कानशींवर फुलं. बॉयलरच्या गळ्यात झेंडूची माळ होती, वरपर्यंत गच्च वेढलेली, नवरदेवासारखी.

“पूजा कुणी केली?” मी विचारलं.

“ह्येनी केली. बॉयलरची म्या केली,” आक्का म्हणाली.

“तू? आत गेलतीस?”

“डोळं मिटून गेलते. सकाळी जोतिबाला जाऊन आले.” तिच्या कपाळावर गुलाल होता. “माळ काडू नगासा म्हणावं. माळेसकट चालवा.”

“व्हय की,” दाजी आतून म्हणाले. “लोकं मोटरसायकल चालवत्यात माळ घालून. इंजिनानं काय पाप केलंय?”

बायको उंबरा ओलांडून आत आली होती याचा त्यांना इतका आनंद झाला होता की आणखी काही मागितलं असतं तर तेही दिलं असतं.

दसऱ्याच्या दुपारी दाजींनी इंजिनाची तेवढी पूजा हलवली, माळ तशीच ठेवली, आणि शेड भरलं. पोरं पुढं, बाप्ये मागं, बायका दारात. शेजारचे चौगुले टेलर नवी टोपी घालून स्टूलवर बसले होते.

“दाजी,” चौगुले म्हणाले, “ह्ये चाललं तर माझ्या शिलाई मशीनला जोडा. पायडल मारून मारून बायको शिव्या घालतीया.”

“तुमी पायडल मारा की मग.”

“मग शिव्या कोन घालंल?”

लोक हसले. मी भिंतीला पाठ लावून होतो. आक्का शेडात नव्हती. दाजींनीच तिला सांगितलं होतं, “तू सैपाकघरात देवापुढं बस. आदी इंजिनाचा आवाज यील. मग इंजिन थांबवीन, तवा राखणदार फुसकारा टाकंल. लई मोठा. त्यो ऐकू आला की समज, सगळं बरं झालं.” तिनं दोनदा विचारलं होतं, “फुसकारा आला की बरं न्हवं?” “बरं,” दाजींनी दोनदा सांगितलं होतं.

बॉयलरखाली कोळसा पेटला. दाजींनी बारका भाता मारला. बराच वेळ काहीच झालं नाही आणि पोरं कंटाळली. मग आतून बारीक किणकिण यायला लागली, चुलीवर पाणी ठेवल्यावर येते तशी. घड्याळासारख्या गोल डबीत दाब दाखवायचा काटा होता. दाजींनी तिच्या काचेवर तांबड्या रंगाची एक रेघ ओढली होती. काटा हलला. तो वर चढत होता, गाजावाजा न करता, सावली सरकावी तसा.

दाजींनी वाफेचा कॉक उघडला आणि चाकाला बोटानं जरा ढकललं. इंजिन एकदा खोकलं, गरम पाणी थुंकलं. मग फिरलं. आधी अडखळत, मग नीट. फस्... फस्... फस्. मी ओतलेलं चाक फिरताना मी पहिल्यांदा बघत होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चौगुल्यांनी टोपी काढली आणि परत घातली. दाजींचे डोळे मिटलेले होते. ते ऐकत होते. ओठ हलत होते, जणू आवाजाबरोबर मोजत होते. मीसुद्धा त्या वेळी भीती विसरलो.

मग त्यांनी कॉक बंद केला. चाक थांबलं.

“आता गप बसा सगळी,” ते म्हणाले. “आता राखणदार बोलंल. घरात ऐकू जाऊ द्या.”

सगळे गप्प झाले. कोळसा लालबुंद होता. काटा रेघेकडे निघाला. पोरांनी कानांवर हात ठेवले. काटा रेघेवर आला.

काही झालं नाही.

काटा रेघेच्या पुढं गेला.

दाजींनी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी पुढं सरकला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली नाही. त्यांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसला. कोळशाजवळ बसून घाम येतोच, पण हा घाम वेगळा होता, एकदम फुटलेला.

“झोपला वाटतं तुमचा राखणदार,” चौगुले म्हणाले. पोरं खिदळली.

दाजींनी हसून मान हलवली आणि कॉक परत उघडला. चाक फिरायला लागलं, आधीपेक्षा कितीतरी जोरात. फस्फस्फस्. पोरं ओरडायला लागली. पण तेवढ्याशा सिलिंडरला ती वाफ पुरून उरत होती. काटा थोडा थबकला आणि पुन्हा चढला. आतली किणकिण थांबली होती. आता बॉयलरच्या आतून काहीच आवाज नव्हता. गिरणीच्या छपराखाली शेवटी असंच शांत झालं असेल, असं मला वाटलं.

“येशा,” दाजी माझ्याकडे न बघता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, “पोरं भाईर ने.”

मला ओरडता आलं असतं. पण दार एक, तेही अरुंद, आणि दारात बायका. पळापळ झाली असती तर पोरं तुडवली गेली असती. मी म्हणालो, “ए पोरांनो, आक्का पुढच्या दारात पेढं वाटतीया. संपाय आल्यात.”

शेड एका दमात रिकामं झालं. बायका पोरांमागं गेल्या. चौगुले उठता उठता म्हणाले, “आमास्नी न्हाईत व्हय पेढं?” मी त्यांना दंडाला धरून बाहेर ढकललं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पोरांमागं निघाले.

मला पण जाता आलं असतं. मी दारात होतो, बाहेरचं ऊन माझ्या पायावर पडलं होतं. आत दाजी गुडघ्यावर बसून आकड्यानं बॉयलरखालचे निखारे ओढत होते. निखारे जाळीत अडकत होते. एक त्यांच्या धोतरावर पडला, तो त्यांनी हातानं झटकला.

“जा तू बी,” ते म्हणाले.

“राखणदार का उचलंना?”

“ठावं न्हाई. परवा उचलत होता. अडकलाय कशात तरी.”

मी आत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. पाय गेले. मी बॉयलरवर वाकलो. तोंडाला धग लागत होती, झेंडू भाजल्याचा कडवट वास येत होता. मी माळ वर सारली.

खाली लाल दोरा होता.

गंडा. जोतिबाहून आणलेला, मंत्रलेला. राखणदाराची दांडी आणि तिच्याखालची मान दोन्ही मिळून त्यात गुंडाळली होती. वेढ्यावर वेढा, आणि वर गाठींवर गाठी. लेकराच्या मनगटाला बांधावा तसा मायेनं बांधला होता. दांडीवर हळद होती, कुंकू होतं, एक तांदळाचा दाणा होता. दांडी खालून थरथरत होती. उचलायला बघत होती आणि दोरा तिला धरून होता.

मला त्या क्षणी सगळं कळलं. ‘लई बारका हाय, एवढ्याच्यानं व्हईल?’ ज्यानं सगळ्यांना राखायचं, त्याला जोर यावा म्हणून तिनं देवाचा दोरा बांधला होता.

“दाजी, आक्कानं गंडा बांधलाय.”

त्यांचा आकडा थांबला. “तोड.”

मी हात पुढं केला आणि थांबलो. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण बॉयलरपेक्षा त्या वेळी मला त्या दोऱ्याची भीती वाटली. देवाचा गंडा माणसानं आपल्या हातानं तोडायचा नसतो. तो आपण होऊन तुटावा लागतो. कात्री, सुरी सगळं पलीकडं पूजेच्या कापडावर फुलांखाली होतं.

“येशा!”

मी डोळे मिटले, दोन बोटं दोऱ्याखाली घातली आणि ओढलं. पितळेला बोटं चरचरली. दोरा तुटेना. मी दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा तुटला.

दांडी उडाली. वाफ सुटली ती सरळ माझ्या तळहातावर. मी किंचाळलो असेन, पण ते मलाही ऐकू आलं नाही, इतका तो आवाज मोठा होता. पत्रे थरथरत होते. माळेचे तुकडे छपराला चिकटले. पांढऱ्या वाफेत दाजी दिसेनासे झाले. मग हळूहळू तो आवाज बारीक झाला, आणि शेवटी दांडी खाली बसली.

टक्.

दाजी अजून गुडघ्यावरच होते. मी भिंतीशी खाली बसलो होतो, हात पोटाशी धरून. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

तेवढ्यात आक्का आली.

ती पळत आली, उंबरा ओलांडून थेट आत. चेहरा असा उजळलेला मी तिचा कधीच पाहिला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. “बोलला की!” ती म्हणाली. “घरात ऐकू आलं मला. देव हालला बघा, एवढा बोलला! अवो, बोलला की तुमचा...” मग तिनं मला बघितलं. “काय झालं रं? बघू हात. आई गं! कसं भाजलं?”

“वाफ लागली,” मी म्हणालो.

ती माझ्यापुढं बसली आणि तिला जमिनीवर पडलेला दोरा दिसला. तिनं तो उचलला. तुटलेली दोन्ही टोकं हातात धरून ती बघत राहिली.

“गंडा तुटला?”

मी खाली बघितलं. हाताची आग डोक्यापर्यंत चढत होती.

“अवो, ह्यो तुटला कसा? म्या सात गाठी मारल्या हुत्या.” तिचा आवाज बारीक झाला. “आपसुक तुटला? म्हंजे काय तरी यायचं हुतं, आनि ह्येनं आपल्यावर घेतलं?”

कोळसा तडतडत होता. मी दाजींकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ते कुठं बघतायत. ते तेलगिरणीच्या दारात भाकरी घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडं बघत होते.

“व्हय,” दाजी म्हणाले. “त्येनंच अंगावर घेतलं.”

आक्कानं तो दोरा कपाळाला लावला. मग कमरेला खोचला आणि कोरफड आणायला पळाली. बाहेर पोरं ओरडत होती, “आक्का, पेढं कुटं हाईत?”

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नंतर नीट मिटली नाहीत. वाळू दाबायला ती बोटं लागतात. फाउंड्रीनं मला लाकडी साच्यांच्या कोठीत बसवलं. तिथं साच्यांवरच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागायच्या, म्हणून दाजींनी मला शेडाच्या पत्र्यावर खडूनं अक्षरं शिकवली. डाव्या हातानं लिहायला शिकलो. तेव्हा माझं लेकरू शाळेत जात होतं.

एकदा असंच पत्र्यावर गिरवताना मी विचारलं, “दाजी, इंजिन पुन्यांदा कधी?”

ते चाकाला तेल लावत होते. तेल रोज लावायचे. “न्हाई.”

“का? आता गंडा नसला की झालं.”

“ती बांधनारच. परवाच म्हनली, नवा आनलाय.” चाक त्यांनी बोटानं फिरवलं, ते फिरत राहिलं. “बांधू नगं म्हनलं तर का म्हनून इचारंल. सांगू? एका मानसाचं वझं घेऊन आली ती माझ्या घरात. भाकरीला उशीर झाला म्हनून आजून उठती दचकून. दुसरं कशाला ठिवू तिच्या डोक्यावर?”

“ती नसताना पेटवा की. ती लेकीकडं जाती तवा.”

“चोरून?” ते हसले. “आवाज ऐकला मी. झालं की. आनि खरं सांगू का, येशा... त्या दिवशी काटा चढताना बघितला न्हवं, आता पानी उकळल्याला आवाज आला तरी मला भ्या वाटतंय.”

मग ते चाकाकडं बघत बसले. ते थांबलं की पुन्हा बोटानं फिरवायचे.

दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. इंजिन माझ्याकडं आहे, बैठकीच्या खोलीत कपाटावर. आक्का आता ऐंशीच्या पुढं आहे. लेकीकडं असते. तिला अक्षरओळख नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही. पण नातवंडांना आहे. त्यांनी हे वाचलं तर तिच्यापुढं मोठ्यानं वाचू नये.

खंडेनवमीला ती अजून येते. रिक्षातून उतरताना तिच्या मुठीत लाल दोरा असतो. डोळ्यांना दिसत नाही. मी इंजिन खाली काढून पाटावर ठेवतो. राखणदारावर दरवर्षीचे दोरे आहेत, एकावर एक, लाल बोंडासारखे. ती चाचपत बसते. बोटं चाकावरून, सिलिंडरवरून, तांब्यावरून फिरतात.

यंदा ती म्हणाली, “लई गुनाचा ह्यो राखणदार. ह्यास्नी पुन्यांदा कधी पेटवावं वाटलं न्हाई, न्हवं का?”

“एकदा आवाज ऐकायचा हुता त्यास्नी. ऐकला.”

“तवा म्या बी ऐकला,” ती म्हणाली. तिचं तोंड उजळलं, त्या दिवशीसारखं. “कुटं हाय रं? घावंना.”

मी माझ्या वाकड्या बोटांनी तिचा हात धरला आणि दांडीवर नेऊन ठेवला.

“हितं, आक्का.”

“घट्ट बांधू?”

“बांध,” मी म्हणालो. “घट्ट बांध.”